मिलेच्या 'ग्लीनर्स'ची कॅनव्हास प्रिंट: घ्या, पण मोठीच

फ्रेंच चित्रकार मिलेचं 1857 चं चित्र, मूळ पॅरिसच्या ऑर्से म्युझियममध्ये. कापणी झालेल्या रानात तीन बायका वाकून सरवा, म्हणजे कापणीनंतर मागं पडलेली कणसं, वेचतायत आणि मागं मालकाच्या गंज्या, गाड्या नुसत्या भरभरून, तेव्हाच्या श्रीमंत लोकांना हे असलं बघायला आवडलं नव्हतं म्हणे, साहजिकच आहे. प्रिंटमध्ये डोक्यावरच्या निळ्या-लाल फडक्यांचे रंग झकास उतरलेत, पण उजेड जरा जास्तच पिवळा मारलाय आणि उजवीकडं लांबवर घोड्यावर बसलेला मुकादम तर नुसता ठिपका झालाय, मूळ चित्र 110 सेंमीच्या आसपास रुंद आहे मग छोट्या साइझमध्ये दुसरं काय होणार. फ्रेम प्रिंट विकणाऱ्यांकडून घेऊ नका, पट्ट्या हलक्या आहेत, बाहेरून करून घ्या.