ड्यूईचा वर्ग की पारावरचं वाचन?

वणीकडच्या खेड्यातल्या ग्रंथपालानं वर्षात एकच जमवायचं तर काय निवडावं, प्रशिक्षण वर्ग की गावातल्या पारावर लोकांना वाचून दाखवणं? यवतमाळच्या प्रशिक्षणात ड्यूईचं दशांश वर्गीकरण (पुस्तकं विषयवार आकडे देऊन लावायची पद्धत), दाखल नोंदवही, तालिका (पुस्तकांची सूची) हाती बसतात. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान हवं, ग्रंथालयाला ‘ड’ या सगळ्यात खालच्या वर्गातून ‘क’ मध्ये जायचं, तर ही शिस्त लागतेच. तपासणीला आलेला माणूस आधी दप्तर मागतो. एसटीत दिवस जातो, तेवढाच त्रास.

पारावरचं वाचन मात्र माणसं आणतं. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीची पुस्तिका मोठ्यानं वाचा, ‘मले बी दाखव’ म्हणत म्हातारे पुढे सरकतात. कापूस वेचणीच्या महिन्यांत मात्र बायका येणार नाहीत. तेव्हा पोरांवर भागवावं. (चहा हवाच.)

माझं मत पाराला. दप्तर पावसाळ्यातही शिकता येतं.