कोड स्कॅन झाला, तरी गोळ्या बनावट निघाल्या

आईला बारा वर्षांपासून थायरॉइड आहे. रोज पहाटे उपाशीपोटी 50 मायक्रोग्रॅमची एक गोळी. गेल्या पावसाळ्यात तिला सारखा थकवा यायला लागला, चेहरा सुजल्यासारखा दिसायचा, पंखा लावला की अंगावर चादर घ्यायची. रक्त तपासलं तर टीएसएच, म्हणजे गोळी कमी पडली की वाढणारा थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, 3 वरून 18 वर. डॉक्टरांनी विचारलं, "काकू, गोळी चुकते का?" ती नाही म्हणाली. घरी आल्यावर मी तिच्यावर चिडले, "विसरत असशील तू." ती काही बोलली नाही. बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या माझ्यासमोर मोजल्या. एकही चुकलेली नव्हती. ते मोजणं अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

गोळ्या मीच आणल्या होत्या. आमच्या भागातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात आली होती: औषधं घरपोच, 25 टक्के सूट. शंभर गोळ्यांच्या दोन बाटल्या मागवल्या. बिल मागितलं तर म्हणाला, बिल घेतलं की जीएसटी पडेल. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात हे मला माहीत होतं, तरी गप्प बसले. कारण लेबलवरचा क्यूआर कोड मी मोबाइलवर स्कॅन केला होता. औषधाचं नाव, कंपनीचा पत्ता, परवाना क्रमांक, सगळं आलं. माझी खात्री पटली.

1 ऑगस्ट 2023 पासून बनलेल्या, देशात भरपूर खपणाऱ्या 300 ब्रँडच्या औषधांवर असा कोड सक्तीचा आहे. त्यात बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीखही असते. मी तेवढंच वाचलं नव्हतं.

आईने गोळ्या मोजल्या त्या रात्री दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून पुन्हा स्कॅन केल्या. लेबलांवर छापलेले बॅच नंबर वेगवेगळे होते. मोबाइलवर मात्र दोन्हींचा बॅच नंबर एकच, आणि तो दोन्ही लेबलांशी जुळत नव्हता! कुठल्या तरी खऱ्या बाटलीवरचा कोड उचलून सगळीकडे छापला होता. क्यूआर कोड म्हणजे शेवटी एक चित्र, त्याची नक्कल कोणालाही काढता येते. म्हणून स्क्रीनवर माहिती आली एवढ्यावर थांबू नका. बॅच आणि दोन्ही तारखा लेबलशी अक्षर न् अक्षर जुळवा. जुळलं तरी पक्कं बिल घ्याच, त्यावरही बॅच नंबर लिहिलेला असतो.

कंपनीला फोटो पाठवले. लेबलवरच्या दोन्ही बॅच आमच्या नाहीत, असं उत्तर आलं. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली तेव्हा औषध निरीक्षकांनी पहिल्यांदा बिलच मागितलं. माझ्याकडे फक्त एक मोबाइल नंबर होता, तोही बंद.

आईला ओळखीच्या दुकानातून नवी बाटली आणली, दीड महिन्याने टीएसएच उतरला. परवा त्याच ग्रुपवर दुसऱ्या नंबरवरून तीच जाहिरात आली, आता 30 टक्के सूट. मी लगेच त्याखाली दोन्ही लेबलांचे फोटो टाकले. शेजारच्या काकांचा फोन आला, त्यांनी बीपीच्या गोळ्या तिथूनच घेतल्या होत्या.