पॉलिकार्बोनेट सांगून एबीएसची बॅग: विमानप्रवासासाठी सूटकेस घेताना झालेली फसवणूक

मला पॉलिकार्बोनेट या चिवट प्लॅस्टिकची म्हणून विकलेली सूटकेस प्रत्यक्षात एबीएस या स्वस्त, तडकणाऱ्या प्लॅस्टिकची निघाली. पहिल्याच विमानप्रवासात तिचा खालचा कोपरा चाकासकट फुटला. विक्रेत्याने वॉरंटी नाकारली, विमान कंपनीने बॅग मुळातच कमकुवत होती म्हणून हात वर केले, आणि दोघांच्या मध्ये माझे पैसे अडकले. हे सविस्तर लिहितोय, कारण मला ज्या रीतीने फसवलं ती रीत आजही सर्रास चालू आहे, आणि नेमकं कुठे बघायचं ते ठाऊक असेल तर ती आधीच ओळखता येते.

खरेदी ऑनलाइन केली होती. पानावर ठळक अक्षरांत ‘१०० टक्के पॉलिकार्बोनेट’, ‘एरोस्पेस ग्रेड’, ‘न तुटणारी’ आणि ‘आजीवन वॉरंटी’ असं लिहिलेलं. पैसे भरण्याआधी मी चॅटवर शेलबद्दल, म्हणजे बॅगेच्या कडक कवचाबद्दल, विचारलं होतं, “शेल संपूर्ण पॉलिकार्बोनेटचं आहे ना? एबीएस मिसळलेलं नको आहे.” उत्तर आलं, “हो सर, प्युअर पॉलिकार्बोनेट. निश्चिंत राहा.” या संभाषणाचा स्क्रीनशॉट मी ठेवला होता आणि पुढे सगळं प्रकरण त्याच्याच आधारावर उभं राहिलं.

पानावर एक व्हिडिओही होता. आडव्या ठेवलेल्या बॅगेवर एक धिप्पाड माणूस उड्या मारतो आणि बॅगेला काही होत नाही. बघणाऱ्याला तो पटतो, म्हणूनच त्याबद्दल सांगायला हवं. आडव्या, कपड्यांनी गच्च भरलेल्या बॅगेवर उडी मारली की वजन सगळ्या पृष्ठभागावर पसरतं आणि आतले कपडे खालून आधार देतात. अशा परीक्षेत साधी बॅगही सहज टिकते. विमानतळावर बॅगेला जो मार बसतो तो वेगळा असतो. पट्ट्यावरून घसरत येऊन ती दुसऱ्या बॅगेवर आदळते, ट्रॉलीतून उचलताना निसटते, विमानाच्या पोटात रचताना कोपऱ्यावर किंवा चाकांवर आपटते. सगळा धक्का एका छोट्या जागेवर येतो. कोपऱ्यावर टाकून दाखवलेला व्हिडिओ त्या पानावर नव्हता, आणि आता कुठल्याही बॅगेच्या जाहिरातीत मी आधी तोच शोधतो.

बॅग बेल्टवर आली तेव्हा खालच्या एका कोपऱ्यापासून मधल्या चेनपर्यंत तडा गेलेला होता. चाक त्याच्या घरासकट आत ढकललं गेलं होतं, बाहेर आलेले कपडे पट्ट्याला घासून काळे झाले होते. बाहेर पडण्याआधी बॅगेज काऊंटरवर तक्रार नोंदवली आणि तिची प्रत घेतली. या प्रतीला ‘पीआयआर’ म्हणतात, म्हणजे सामानातल्या गडबडीची अधिकृत नोंद. ती हातात आल्याशिवाय विमानतळ सोडू नका, हे मला सगळ्यांना कळकळीने सांगायचं आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या १९९९ च्या माँट्रियल कराराच्या ३१ व्या कलमाप्रमाणे चेक-इन सामानाचं नुकसान झालं असेल, तर सामान हातात आल्यापासून ७ दिवसांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. सामान उशिरा मिळालं असेल तर ही मुदत २१ दिवसांची आहे. तक्रार न करता सामान घेतलं की ते चांगल्या अवस्थेत मिळालं असं प्रथमदर्शनी धरलं जातं.

मी मुदतीत लेखी दावा केला. कंपनीचं उत्तर आलं की बॅगेचा दर्जा पाहता हे नुकसान तिच्या अंगभूत दोषामुळे झालेलं आहे. कराराच्या १७ व्या कलमात ही पळवाट खरोखरच आहे: सामानातला मूळ दोष किंवा त्याचा दर्जा यामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरती विमान कंपनी जबाबदार नसते. म्हणजे खोट्या मालाची बॅग विकणारा माणूस तुमचे बॅगेचे पैसे तर घेतोच, वर विमान कंपनीकडून भरपाई मागण्याचा तुमचा हक्कही पोखरतो. मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आला आणि अजूनही येतो.

मग आजीवन वॉरंटीकडे वळलो. वॉरंटीचा पूर्ण मजकूर बॅगेसोबत आलेल्या कार्डावर अगदी बारीक अक्षरांत होता, विक्रीच्या पानावर नव्हता. वॉरंटी फक्त ‘निर्मितीतल्या दोषांना’ होती, आणि अपवादांमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: वाहतूक कंपन्यांकडून झालेलं नुकसान, चाकं, हँडल, चेन, कुलूप. विमानप्रवासाची म्हणून विकलेल्या बॅगेच्या वॉरंटीतून विमानप्रवासच वगळलेला! ही अट फक्त या विक्रेत्याचीच नाही, अनेक वॉरंट्यांमध्ये ती असते. काही उत्पादक मात्र विमान कंपनीने केलेलं नुकसानही स्पष्ट शब्दांत मान्य करतात. म्हणून ‘आजीवन’ या शब्दावर जाऊ नका. वॉरंटीच्या मजकुरात वाहतुकीतल्या नुकसानाबद्दल काय म्हटलंय तेवढं एक वाक्य शोधा. ते पैसे भरण्याआधी वाचायला मिळत नसेल तर बॅग सोडून द्या.

बॅग एबीएसची आहे हे मला ती दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे कळलं. त्यांनी अस्तराची चेन उघडली, तडा गेलेली कड उजेडात धरली आणि दाखवली. बाहेरून चकचकीत, पातळ पापुद्रा. खाली मंद रंगाचा जाड थर. तड्याच्या दोन्ही बाजूंना पांढुरका पट्टा. “वरचा पापुद्रा पॉलिकार्बोनेटचा, खाली सगळं एबीएस,” ते म्हणाले. अशा बॅगा त्यांच्याकडे नेहमीच येतात. कारखान्यात दोन्ही प्लॅस्टिकं एकाच पत्र्यात थर देऊन काढतात आणि तो पत्रा तापवून साच्यावर ओढतात. वरच्या थरामुळे चमक येते, ओरखडे थोडे कमी उठतात, आणि विक्रेत्याला ‘यात पॉलिकार्बोनेट आहे’ असं म्हणायला जागा मिळते.

या दोन प्लॅस्टिकांतला फरक समजून घेणं फार महत्त्वाचं आहे. एबीएस वाईट नाही. लेगोच्या विटा त्याच्याच असतात. ते स्वस्त आहे, साच्यात छान बसतं, आकार धरून राहतं. पण जोराचा धक्का एका बिंदूवर आला, विशेषतः थंडीत, तर ते तडकतं. पॉलिकार्बोनेट धक्का बसला की दबतं, वाकतं आणि परत येतं. हेल्मेटच्या काचा आणि दंगलीत पोलीस वापरतात त्या पारदर्शक ढाली त्यापासून करतात ते याच गुणामुळे. सूटकेससाठी ते वापरायला जर्मनीच्या रिमोवाने २००० साली सुरुवात केली. तिसरं प्लॅस्टिक पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी. हे तिघांत हलकं, लवचीक, आणि नीट जाडीचं असेल तर चांगलं टिकाऊ.

दुकानात लोक बॅगेवर टकटक करून बघतात आणि टणक लागली की मजबूत समजतात. हे उलटं आहे. बॅग उघडा, झाकणाच्या मधोमध अंगठ्याने दाबा आणि सोडा. चांगलं शेल आत जातं आणि लगेच पूर्ववत होतं. एबीएसचं पातळ शेल दाबायला ताठ लागतं, आणि जास्त वाकवलं तर शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी वाकवल्यावर उमटते तशी पांढरी रेघ त्यावर उमटते. बहुतेक बॅगांच्या अस्तराला आतून चेन असते, ती उघडून शेलची मागची बाजू बघा. साच्यात ओतून केलेल्या बॅगांवर कधी कधी तिथे ‘पीपी’, ‘पीसी’ (म्हणजे पॉलिकार्बोनेट) किंवा ‘एबीएस’ अशी उठावाची खूण असते. खूण नसली म्हणजे फसवणूक असं नाही, पत्रा ओढून केलेल्या शेलवर ती सहसा नसतेच. पण कडेचा काप दिसत असेल तर दोन रंगांचे थर ओळखू येतात. ऑनलाइन घेतलेली बॅग परत करण्याची मुदत असते तेवढ्यात, टॅग न काढता, ही तपासणी उरकून घ्यावी.

आणि वर्णनातल्या शब्दांवर लक्ष ठेवा. ‘पीसी’, ‘पीसी फिनिश’, ‘पीसी ब्लेंड’, ‘पीसी प्लस एबीएस’ या सगळ्यांचा अर्थ वेगवेगळा आहे, आणि शेवटच्या तिन्हींत एबीएस किती आहे ते कुणी सांगत नाही. ‘एरोस्पेस ग्रेड’ला बॅगेच्या बाबतीत काही ठरलेला अर्थच नाही.

कापडी बॅगांमध्येही हाच खेळ चालतो, तिथे शब्द ‘बॅलिस्टिक नायलॉन’. दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या सैनिकांच्या संरक्षक जाकिटांसाठी हे जाड विणीचं नायलॉन वापरात आलं. आज ‘१६८० डी’ एवढा आकडा छापून साधं पॉलिस्टर त्या नावाने खपवतात. यातला ‘डी’ म्हणजे डेनिअर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. तो आकडा धागा किती जाड आहे ते सांगतो, कशाचा आहे ते सांगत नाही. त्याच जाडीचं पॉलिस्टर घासण्याला नायलॉनइतकं टिकत नाही. आतल्या शिवलेल्या लेबलवर नायलॉन लिहिलंय की पॉलिस्टर, ते वाचा.

माझ्या बॅगेची चाकं रिव्हेटने ठोकलेली होती. त्यामुळे शेल नसतं फुटलं तरी चाक बदलायला रिव्हेट छिद्र पाडून काढावे लागले असते. स्क्रूने बसवलेलं चाक कुणीही बदलू शकतो. चार फिरती चाकं बाहेर आलेली असतात, मार आधी त्यांनाच बसतो. खूप चेक-इन करणाऱ्याने दोन मोठ्या, अर्ध्या आत बसलेल्या चाकांची बॅग घ्यावी, असं माझं ठाम मत झालंय. चेन मोठ्या बॅगेला ८ किंवा १० नंबरची हवी. हा नंबर म्हणजे बंद केलेल्या दात्यांची साधारण मिलिमीटरमधली रुंदी.

कुलपाचीही जाहिरात जोरदार होती. टीएसए कुलूप म्हणजे अमेरिकेतल्या सुरक्षा तपासनिसांना मास्टर किल्लीने उघडता यावं असं कुलूप. त्यामुळे तपासणीत ते तोडावं लागत नाही, एवढाच त्याचा उपयोग. त्या किल्ल्यांचे फोटो एका वृत्तपत्रात छापले गेले आणि २०१५ मध्ये लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर त्या बनवूनही दाखवल्या. शिवाय साधी नायलॉन कॉइलची चेन बॉलपेनच्या टोकानेही उघडते. चोरीपासून पूर्ण संरक्षण म्हणून कुणी कुलपाचे जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

आतमध्ये बॅटरी असलेली ‘स्मार्ट’ बॅग सांगत असतील तर बॅटरी काढता येते का ते आधी विचारा. काढता न येणाऱ्या लिथियम बॅटरीच्या बॅगा अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी जानेवारी २०१८ पासून नाकारायला सुरुवात केली. त्यांच्यामागून इतर अनेक कंपन्यांनीही तोच नियम केला.

आता पैशांचं. कारागिराकडून निदान लेखी घेऊन विक्रेत्याला पाठवलं तेव्हा आधी उत्तर आलं, “यात पॉलिकार्बोनेट आहेच.” मग काही दिवसांत पानावरचं ‘१०० टक्के’ गायब होऊन तिथे ‘पीसी ब्लेंड’ आलं. जुन्या पानाचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता, तो पाठवला. मग अर्धे पैसे देऊ केले, अट अशी की मी माझा रिव्ह्यू काढून टाकायचा. मी नकार दिला. अर्धे पैसे परत मिळवायला इतरांना गप्पपणे त्याच बॅगेकडे जाऊ देणं मला मान्य नव्हतं.

पैसे कार्डाने भरले होते, म्हणून बँकेत ‘वर्णनाप्रमाणे माल नाही’ या कारणाखाली वाद दाखल केला. याला मुदत असते, तेव्हा विक्रेत्याशी पत्रव्यवहारात ती घालवू नका. बँकेने मागितलेली कागदपत्रं अशी: खरेदीच्या दिवशीचं पान, चॅट, बिल, तड्याच्या कापाचे जवळून काढलेले फोटो, कारागिराचं पत्र आणि विक्रेत्याने वर्णन बदलल्याचा पुरावा. बॅग फुटली म्हणून पैसे द्या, असं लिहिलं असतं तर विक्रेत्याने विमान कंपनीकडे बोट दाखवलं असतं. म्हणून तक्रारीत मी बॅग फुटल्याचा उल्लेख दुसऱ्या जागी ठेवला, पहिल्या ओळीत एवढंच लिहिलं की पॉलिकार्बोनेट म्हणून एबीएस विकलं. पूर्ण रक्कम परत आली. विमान कंपनीकडून काहीही मिळालं नाही. रिव्ह्यू तड्याच्या फोटोंसकट तिथेच आहे.