फुलपाखरांच्या वर्गीकरणासाठी ७–४५ पटीचा स्टिरिओ झूम सूक्ष्मदर्शक

प्रयोगशाळा साहित्याच्या पुण्यातल्या दुकानांत स्टिरिओ झूम (दोन्ही डोळ्यांनी पाहायचा, पट कमीजास्त करता येणारा सूक्ष्मदर्शक) मागितला की बहुधा ७ ते ४५ पटीचा नग दाखवतात. फुलपाखरांच्या कामाला तो नक्की पुरतो. पंखांच्या शिरा, मिशांची टोकं, पुढच्या पायांची ठेवण यांना १०–१५ पट पुष्कळ झाली. खरा कस लागतो जननांग पाहताना. सह्याद्रीतल्या कॅल्टोरिस वंशातल्या तपकिरी स्किपरांची (जाड अंगाच्या, चपळ छोट्या फुलपाखरांची) ओळख त्याशिवाय पक्की होत नाही.

जननांग मोकळं करायला पोटाचं टोक १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, गरम पाण्यात ठेवलेल्या परीक्षानळीत, ५–१० मिनिटं ठेवायचं. कमी पडलं तर मेद चिकटून राहतो आणि जास्त झालं तर पडदे विरून फाटतात. मग पाण्यात धुऊन ॲसेटिक आम्लाचा एखादा थेंब, बारीक ब्रशने खवले काढणं, आणि शेवटी वॉच ग्लासमध्ये (उथळ काचेच्या वाटीत) ग्लिसरीन. ग्लिसरीनमध्ये अवयव तरंगून कलतो. फोटोपुरता तो पारदर्शक हँड सॅनिटायझर जेलमध्ये ठेवला तर हवा तसा उभा राहतो.

या कामात भिंगापेक्षा उजेड महत्त्वाचा. सोबत येणाऱ्या एलईडी रिंगची चमक ग्लिसरीनवर उमटते आणि व्हॅल्व्हाच्या (नराच्या जननांगातल्या पकडीच्या झडपेच्या) काठाचे दाते हरवतात. रिंगला ट्रेसिंग पेपर लावावा. खालून प्रकाश देणारा पाया हवाच, त्याचे जास्त पैसे पडले तरी. त्या पायावरच्या दुधी काचेचा अर्धा भाग काळ्या कार्डाने झाकला की तिरपा उजेड मिळून एडिगसमधले (नराच्या शिश्नातले) काटे उठून दिसतात.

२ पटीचं जादा भिंग गळ्यात मारतात, ते नको. कामाचं अंतर १०० मिमीवरून साधारण ३० मिमीवर येतं आणि चिमटा भिंगावर आपटतो. ०.५ पटीचं घ्या, पसरलेले पंख एका चौकटीत येतात.

पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते. सूक्ष्मदर्शक हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबतच ठेवावा.

दुर्मीळ जातींसाठी नवे नमुने पकडू नयेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचीतल्या जातींना परवानगीशिवाय हातही लावता येत नाही. संस्थांच्या संग्रहातले जुने नमुने अर्ज करून अभ्यासावेत.

पैसे देण्याआधी दुकानातच ४५ पटीला फोकस करा आणि सावकाश ७ वर या. चित्र धूसर झालं किंवा बाजूला सरकलं, तर दुसरा नग मागा.