हेल्प टू सेव्ह की लाइफटाइम आयसा?

ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असणाऱ्यांचा सरकारी भत्ता) घेणाऱ्याला बचतीवर सरकारी बोनस देणारी ही दोन बचत खाती. मुख्य फरक कमाईच्या अटीत.

हेल्प टू सेव्हला कमाई लागतेच, पण किती? एप्रिल २०२५ पर्यंत महिन्याला ७९३.१७ पौंड हातात यावे लागत. आता फक्त १ पौंड. मात्र तो गेल्या मासिक हिशेबकाळात (ज्या महिन्याच्या कमाईवर भत्ता ठरतो) आलेला हवा (जोडीचा दावा असेल तर दोघांचा मिळून). बेभरवशाच्या पाळ्या करणारे नेमके इथेच अडकतात. एखाद्या हिशेबकाळात पगारच आला नाही तर अर्ज बसत नाही. पगार आला की, तो हिशेबकाळ संपल्यावर पुन्हा करायचा. एकदा खाते उघडले की नंतर भत्ता थांबला तरी ते चालू राहते.

लाइफटाइम आयसाला कमाईची अटच नाही, वय तेवढे १८ ते ३९ हवे.

बोनस पाहा. पहिल्यात महिन्याला जास्तीत जास्त ५० पौंड, त्यावर ५० टक्के. चार वर्षांत कमाल १,२०० पौंड. दुसऱ्यात वर्षाला ४,००० पौंडांपर्यंत, बोनस २५ टक्के. पण पहिले घर किंवा वयाची साठी, याखेरीज (आयुष्य वर्षभरापेक्षा कमी उरलेला असाध्य आजार वगळता) पैसे काढले की २५ टक्के कापतात: १,००० भरले, बोनससह १,२५० झाले, हातात ९३७.५० आले. म्हणजे पदरचे ६२.५० गेले! हात तंग असणाऱ्याने आधी हेल्प टू सेव्हच उघडावे.