शाळेचा तास की ज्येष्ठांची सोबत?

ऑस्ट्रेलियात मूळनिवासी भाषा जगवू पाहणाऱ्यांकडे पैसा आणि माणसं दोन्ही तोकडी. मग आधी काय करायचं?

न्यू साउथ वेल्सच्या पार्क्समध्ये विराजुरी ही मूळनिवासी भाषा शाळेत शिकवतात. एका शिक्षकामागे वर्गभर मुलं, मूळनिवासी नसलेलीही. भाषेचा मान गावात वाढतो, पण मोजक्या तासांत अस्खलित बोलणं येत नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कनुनरात मिरिवूंग भाषेसाठी जोडीची पद्धत आहे: एक जाणती ज्येष्ठ व्यक्ती, एक शिकणारा, रोजची कामं त्याच भाषेत. वेळ अफाट लागतो, शिकणारी माणसं थोडी. मात्र ती खरंच बोलतात.

ज्येष्ठ हयात असतील तर आधी जोड्याच लावा, शाळा नंतरही काढता येईल. पण ॲडलेडच्या काउर्नासारखी, जाणते ज्येष्ठ न उरलेली भाषा १८४० च्या जर्मन मिशनऱ्यांच्या नोंदींतून उभी करायची असेल, तर वर्गच हवा.