घरट्यासाठी सुपरझूम की ६०० ची लेन्स?

कोल्हापूरजवळच्या शिये रस्त्याकडेच्या आंब्यावर शिक्र्याची, म्हणजे छोट्या शिकारी पक्ष्याची, जोडी घरटं करून बसलीय. भाच्याचा प्रश्न: मामा, निकॉन पी१००० (लेन्स न बदलणारा, लांबच्या झूमचा सुपरझूम कॅमेरा) घेऊ की मिररलेसवर (लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यावर) १५०-६०० मिमीची लेन्स?

आधी अंतर, कारण घरट्याच्या दिवसांत बाकी सगळं त्यानंतर. पी१००० ची पोच ३००० मिमीइतकी, तर एपीएस-सी बॉडीवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ६०० च्या लेन्सची जेमतेम ९०० इतकी. म्हणजे तीच चौकट तिप्पट लांबच्या बांधावरून मिळते. मादी ओरडायला लागली की समज, तू फार जवळ आलास. ती उठली की अंड्यांवर कावळे टपलेलेच असतात. (ड्रोनचं तर नावच काढू नको.)

कमी उजेडात मात्र मोठी लेन्स सरस. पी१००० चा सेन्सर छोटा, पूर्ण झूमला एफ/८, म्हणजे प्रकाश कमी आत येतो. पहाटे चित्र दाणेदार येतं. उडत्या पक्ष्यावर फोकसही मागे पडतो. दुपारी उन्हाची झळ दोन्हींचं चित्र थरथरवते.

वजन? तो कॅमेरा दीड किलोच्या आत, इकडे नुसती लेन्सच दोनच्या आसपास. खर्चही लेन्सवाल्या जोडीचाच जास्त. ट्रायपॉड दोन्हीकडे लागतोच.

बसलेली मादी, पिल्लांना भरवणं एवढंच टिपायचं असेल तर पी१०००. पन्हाळ्याच्या कड्यापाशी झेपावणारा ससाणा हवा असेल तर पैसे साठव, लेन्सच घे.